शब्द नको, घर द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजातले सहा मित्रमैत्रिणी, आता सहा गावांत. रविवारच्या पुरवणीतलं बक्षिसाचं शब्दकोडं व्हॉट्सअ‍ॅपवर मिळून सोडवायचं त्यांनी ठरवलं. पहिले दोन रविवार मजेत गेले. तिसऱ्यापासून त्यांच्यातला एक जण सकाळी साडेआठलाच पूर्ण भरलेल्या चौकटीचा फोटो टाकू लागला. बाकीचे अंगठे दाखवून आपापल्या कामाला लागले. चौथ्या रविवारी तर फोटोही कोणी उघडला नाही. आता ते दोन गोष्टी विचारताहेत. हे टिकवायचं कसं? आणि स्पर्धेचं कोडं असं मिळून सोडवणं ही लबाडी तर नाही ना?

मी साताऱ्याला एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. कोडी सोडवते शाळेपासून, रचते गेली वीस-बावीस वर्षं. आमच्या रविवारच्या गटाला यंदा अकरा वर्षं होतील. आम्ही नऊ जण आहोत, आणि तुमच्यावर आलेली वेळ आमच्यावर पहिल्याच वर्षी येऊन गेली आहे.

आधी तुमच्या त्या मित्राची बाजू घेते. तो शेखी मिरवत नाहीये. त्याला आनंद झालाय आणि तो सांगायला सकाळी साडेआठला दुसरं कोणी जागं नाही, एवढंच. आमच्याकडे हे काम माझा भाचा करायचा. तो मेलबर्नला असतो. आपल्याकडे पहाटे साडेपाचला ई-पेपर येतो तेव्हा त्याच्याकडे दहा-अकरा वाजलेले असतात, नाश्ता झालेला असतो, डोकं ताजं असतं. मी उठून चहा टाकेपर्यंत त्याची चौकट भरलेली. असे पाच-सहा रविवार गेल्यावर नाशिकची माझी धाकटी जाऊ त्याला म्हणाली, "अरे, तू जेवून हात धुऊन बसलास. आम्ही काय नुसती खरकटी ताटं बघायची का?"

मग आम्ही फोटोवर बंदी घातली. ती चूक होती. आता कोणीच काही बोलेना. 'आडवा ९ मला आला' असं एखादा म्हणायचा, दुसरा म्हणायचा 'मलाही', आणि गप्पा तिथेच खुंटायच्या. उत्तर सांगितलं तर गंमत जाते आणि नाही सांगितलं तर बोलायला काही उरत नाही, असा तो पेच होता. त्यातून वाट काढली ती गटातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाने. हे सांगली जिल्ह्यातले निवृत्त तलाठी. आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणतो. 'पिकाचा सरकारी अंदाज (४)', म्हणजे चार घरांत, चार चौकोनांत बसणारा शब्द, हा क्लू आठ जणांना अडला होता. त्यांनी फक्त एवढंच लिहिलं: "दुसऱ्या घरात णे."

पाच मिनिटांत चार ठिकाणांहून 'आणेवारी' आलं. प्रत्येकाला वाटलं, आपल्याला सुचलं. आणि खरंच सुचलं होतं.

मराठीत हे इतकं चपखल का जमतं, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. १९१३ च्या २१ डिसेंबरला आर्थर विन यांनी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये पहिलं शब्दकोडं छापलं. ते चौकोनी नव्हतं, शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं. तेव्हापासून या खेळाचा सगळा हिशेब रोमन लिपीचा आहे: एका घरात एक अक्षर, सव्वीसांपैकी एक. तिथे मित्राला एक घर सांगितलं तर बहुतेक वेळा त्याचा काही फायदा होत नाही, तीन-चार सांगावी लागतात. आपल्या घरात बाराखडी बसते. व्यंजन, त्यावरची काना-मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर असलं तर तेही, सगळं एकाच घरात. 'स्वातंत्र्य' एवढा मोठा शब्द, पण स्वा, तं, त्र्य अशा तीन घरांत मावतो. आपले बहुतेक शब्द कोड्यात दोन ते पाच घरांचे. त्यातलं एक घर देणं म्हणजे पाचवा हिस्सा ते निम्मा शब्द देणं. पूर्ण उत्तर नाही, पण मोकळ्या हातानेही पाठवलं नाही. मराठी अक्षर हे मदतीचं अगदी नेमकं माप आहे, असं माझं मत झालं आहे. रोमन लिपीत कोडी सोडवणाऱ्यांना ही सोय नाही, बिचारे.

तेव्हा तुमच्या गटाला माझा सल्ला एकच: कोणीही शब्द सांगायचा नाही, घर द्यायचं. बाकीचं वेळापत्रक त्याभोवती आपोआप बसतं. आमचं असं आहे. दुपारी बारापर्यंत ज्याने त्याने एकट्याने झगडायचं. त्या वेळात ग्रुपवर फक्त आकडे चालतात, 'माझे सतरा झाले, उभा ४ जीव खातोय' इतपत. बारानंतर सामायिक तक्ता उघडतो. मग ज्याला उत्तर येतं त्याने त्या शब्दातलं एकच घर भरायचं आणि थांबायचं. पुढचं घर दुसऱ्याने भरायचं. कोणालाच येईना तर अर्ध्या तासाने आणखी एक घर. आमच्या भाच्याला पहिल्यांदा हे फार जड गेलं. आता त्याचा सगळा आनंद कोणतं घर द्यायचं हे ठरवण्यात असतो. 'नवजीवन' असेल तर 'जी' द्यावा की 'व'? 'व' दिला तर कोणालाच सुगावा लागत नाही, 'जी' दिला तर फार लवकर कळतं. भरभर सोडवणाऱ्याला असं दुसरं, अधिक कठीण काम मिळालं की तो गटाचा शत्रू राहत नाही. तुमच्या मित्रालाही हेच काम द्या.

(नवजीवन हा शब्द उलटा वाचून पाहा. रोमन लिपीवाल्यांना अशी पाच घरांत उलटसुलट सारखी गंमत दाखवायला अख्खं वाक्य रचावं लागतं, असं मी गंमतीत म्हणते. ते खरं नाही, पण भाच्याला चिडवायला बरं.)

तक्ता कसला वापरायचा, हे लोक नेहमी विचारतात. शब्दकोड्यांसाठीची तयार इंग्रजी सॉफ्टवेअर घेऊ नका. त्यांतली बरीचशी एका घरात एकच चिन्ह धरतात, आणि आपला 'क्षि' डोळ्यांना एक अक्षर दिसला तरी संगणकाच्या लेखी तो क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं असतो. त्यामुळे चौकट फाटते. साधी गूगल शीट घ्या, रकाने चौरस करा, काळी घरं रंगवा, झालं. एक सूचना मात्र भोगून आलेली सांगते. 'वाऱ्यावर'मधला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एकाला दुसरा सापडत नाही. आमच्या जुन्या कोड्यांच्या यादीत 'दऱ्या' शोधायला मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली होती. गटाने एकच कीबोर्ड ठरवून टाकावा.

आता खरी मजा कुठे आहे ते. उत्तर भरण्यात नाही, उत्तराचा खुलासा करण्यात. आमच्याकडे नियम आहे: शब्द पूर्ण झाला की ज्याने शेवटचं घर भरलं त्याने 'का' ते सांगायचं. सरळ क्लूला यात काही राम नाही, 'सूर्य (२)' म्हणजे 'रवी', याचा काय खुलासा करणार! पण गूढ क्लू असला की बहर येतो. माझा एक क्लू होता: 'बापामागून पावसाच्या आल्या, गुराखी वाजवू लागला (३)'. बापाचा 'बा', पावसाच्या असतात त्या 'सरी', मिळून बासरी. दुसरा: 'म्हातारपण उलटलं की सत्ता (२)'. जरा म्हणजे वार्धक्य, ती उलटी केली की राज. यावर मडगावच्या शिक्षिकेने तीन दिवस वाद घातला की राज म्हणजे सत्ता नव्हे, राज्य म्हणजे सत्ता. शेवटी भाऊसाहेबांनी 'इंग्रजांचं राज' एवढे दोनच शब्द लिहून प्रकरण मिटवलं. आणि एक होता 'आईचा राग पोटात ठेवतो गुरांचं खाणं (२)'. तो सगळ्यांना सगळ्यात उशिरा आला, कारण उत्तर डोळ्यांसमोर होतं: 'आईचा राग' यातले मधले दोन, चारा.

हे खुलासे आम्ही जपून ठेवतो. चुकलेली उत्तरंही पुसत नाही, पिवळी करून शेजारच्या पानावर हलवतो. अकरा वर्षांची ती पिवळी पानं कोड्यांपेक्षा वाचनीय आहेत.

चुकांचं बोलायचं तर मराठी कोड्यात अर्ध्या मारामाऱ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या असतात, आणि गटात मुद्रितशोधक असली की त्या हातघाईवर येतात. इथे मी जरा विस्ताराने सांगणार, कारण हे ठाऊक असलं तर छेदातलं घर, म्हणजे आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना कापतात ते, तुमच्या बाजूने साक्ष देतं. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' मुलगा, 'सूत' सारथी किंवा धागा. 'शिर' डोकं, 'शीर' रक्तवाहिनी. कोड्यात 'सारथी (२)' आला. भाच्याने 'सुत' लिहिलं, आणि त्याच घरातून खाली येणारा शब्द 'धान्य पाखडायचं साधन (२)' हा 'सुप' लिहून टाकला. दोन चुकांनी एकमेकींना अशी घट्ट मिठी मारली की दोन्ही बरोबर वाटू लागल्या. वास्तविक 'सूप'चा सू दीर्घ. आपले मराठी शब्द अकारान्त असले की शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ असतो: सूप, वीट, गरीब, वकील. त्यांनाच प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो: सुपात, विटेवर, गरिबाला, वकिलाकडे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र ही शिस्त पाळत नाहीत. गुण, विष, मधुर हे आपले ऱ्हस्वच. त्यामुळे शब्द घरचा की संस्कृतातला, हे ठरवता आलं तर ते घर ठरतं.

शब्दाच्या शेवटी इकार-उकार आला तर तो मराठीत दीर्घ लिहायचा, हा मराठी साहित्य महामंडळाचा नियम १९६२ पासून लागू आहे, आणि त्यातून आम्हाला एक सुंदर कोडं मिळालं: 'हात धुवायला लागतं आणि हातच असतो (२)'. उत्तर पाणी. संस्कृतातला हात हा 'पाणि', ऱ्हस्व. 'पाणिग्रहण'मध्ये तो तसाच राहतो. पण मराठीत एकटा लिहिला की 'पाणी' होतो आणि थेट नळाच्या पाण्याशी जाऊन मिळतो. उभ्या 'राणी'च्या 'णी'शी तो बरोबर जुळला. मेलबर्नहून भाच्याचा निषेध आला, "मावशी, ही शुद्ध दादागिरी आहे." असेल.

कोश वापरायचे की नाही? एकट्याच्या वेळात नाही, बारानंतर खुशाल. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल कोशसंग्रहात फुकट पाहता येतात. मात्र कोशात सापडला म्हणून शब्द आला असं आम्ही मानत नाही. कोणाच्या तरी तोंडात तो असला पाहिजे. भाऊसाहेबांचा 'पोटखराबा' (शेतातला लागवडीस न येणारा तुकडा), मडगावकर बाईंचं 'सुंगट' (कोळंबी), जावेचं 'सांडगे घालायची पाटी की पाट' यावरचं प्रवचन, हे कोशात शोधून मिळालं असतं तरी असं मिळालं नसतं. गट जमवताना म्हणूनच सगळे एका धंद्यातले घेऊ नका. आमच्याकडे सुरुवातीला चार मराठीचे प्राध्यापक होते. चौघांना एकच शब्द यायचा आणि चौघांना एकच अडायचा.

आता लबाडीचं. स्पर्धेची नियमावली वाचा. 'ज्याने त्याने स्वतः सोडवावे' असं लिहिलं असेल तर मिळून सोडवून पाठवू नका. मुदत संपल्यावर खुलासे करत बसा, मजा तेवढीच येते. तसं लिहिलेलं नसेल तर गटाची एकच प्रवेशिका, एकाच्या नावाने, पाळीपाळीने. नऊ जणांनी मिळून सोडवायचं आणि सोडतीत नऊ चिठ्ठ्या टाकायच्या, ही मात्र लबाडी आहे. कोणी पकडत नाही म्हणून ती कमी होत नाही. आमचा एक गडी याच मुद्द्यावर सोडून गेला. त्याला रोखलं नाही.

आणि प्रवेश फी मागणारी स्पर्धा दिसली तर लांबूनच नमस्कार करा. यामागे एक जुनी गोष्ट आहे. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात बक्षिसाची शब्दकोडी हा आपल्याकडे मोठा धंदा झाला होता. बंगळुरात छापलं जाणारं 'स्पोर्टिंग स्टार' हे साप्ताहिक तेव्हाच्या मुंबई राज्यात भरपूर खपायचं. त्यातल्या आर. एम. डी. सी. कोड्यांसाठी लोक पैसे भरून उत्तरं पाठवायचे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९५७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की ही कोडी जुगारच आहेत. कारण एकेका क्लूला दोन-दोन शब्द बसायचे, आणि बरोबर कोणता तर संपादकाकडे आधीपासून ठेवलेल्या उत्तराशी जुळेल तो. म्हणजे अक्कल लढवून काही होणार नव्हतं, संपादकाच्या मनातलं ओळखायचं होतं. त्याआधी १९५५ मध्ये संसदेने बक्षीस स्पर्धांचा कायदा केलाच होता: महिन्याला एकूण एक हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षीस नाही, स्पर्धेला दोन हजारांपेक्षा जास्त प्रवेशिका नाहीत, आणि तेवढ्यासाठीही परवाना हवा. ही कोडी चालवणारे आर. एम. डी. चमारबागवाला यांनी त्यालाही आव्हान दिलं. न्यायालयाने कायदा राखला, पण तो जुगारी स्वरूपाच्या स्पर्धांपुरता, खरं कौशल्य लागतं त्यांना नाही.

ही गोष्ट मी गटात सांगितली तेव्हा सगळे हसले होते. मग आमच्यावरच ती वेळ आली. एका नियतकालिकाच्या वार्षिक कोड्यात, नाव सांगत नाही, क्लू होता 'सुवासिक फूल (२)'. दुसऱ्या घरात 'ई' पक्की. पहिलं घर कुठूनच छेदलं जात नव्हतं. जाई की जुई? बाकी सगळी चौकट भरलेली, मुदत रात्री बाराची, आणि नऊ माणसं तीन खंडांत बसून दोन फुलांवर भांडताहेत. कोणी म्हणालं जाई जास्त सुवासिक, कोणी म्हणालं रचणारा नाशिककडचा वाटतो, तिकडे जुई म्हणतील. भाऊसाहेब म्हणाले, "हे कोडं नाही, मटका आहे." मतदान झालं, पाच विरुद्ध चार, जुई गेली. छापून आलं जाई.

त्या रात्री जे काही बोलणं झालं ते अकरा वर्षांतलं सगळ्यात लांब. ग्रुपवर आधी संपादकांचा उद्धार झाला. नंतर जावेने जाईच्या वेलाचा फोटो टाकला. मग मडगावच्या बाईंनी लिहिलं की आमच्या अंगणात दोन्ही आहेत, आणि आईच्या गजऱ्यांची आठवण सांगितली. पहाटे दोनला मेलबर्नचा भाचा जागा होऊन पाहतो तर दोनशे निरोप. त्याला वाटलं कोणाचं काहीतरी बरंवाईट झालं, म्हणून त्याने घाबरून मला फोन केला. तेव्हापासून मी रचते त्या कोड्यात एकही घर छेदाशिवाय सोडत नाही, निदान दोन घरांच्या शब्दात तर नाहीच.

जिंकलो का, असं विचाराल, तर तीनदा. एकदा पाचशे रुपये आले. त्यांचं काय करायचं यावर आठवडाभर चर्चा झाली, शेवटी ज्याच्या नावाने प्रवेशिका होती त्याच्याच नातीला दिले.

एक शेवटची सूचना, किरकोळ पण कामाची. पुरवणीतलं कोडं कधी कधी इतकं सोपं असतं की साडेबारालाच संपतं. त्या दिवसासाठी घरचं एखादं कोडं तयार ठेवा. अमेरिकेत मॅट गॅफनी २००८ पासून साप्ताहिक स्पर्धेचं कोडं काढतात. त्यात महिन्याचा पहिला आठवडा सोपा असतो आणि पुढे चढण वाढत जाते. ती पद्धत आम्ही उचलली आहे. पहिल्या रविवारी माझं कोडं कोणीही सोडवावं, चौथ्या रविवारी भाच्यानेही दोन तास डोकं खाजवावं. त्यामुळे सगळ्यात हळू सोडवणाऱ्यालाही महिन्यातून एकदा तरी पहिला यायची संधी असते. तुम्ही सहा जण आहात, आळीपाळीने रचायला घ्या. पहिली चार-पाच कोडी वाईट होतील, होऊ द्या.

तुमच्या येत्या रविवारसाठी एक माझ्याकडून. 'आठवड्यातला कोणताही, मागे हत्ती. निघाले पायी (४)'. तुमच्या साडेआठवाल्या मित्राला हे लगेच येईल. त्याला म्हणावं, फक्त तिसरं घर दे. तिथे 'क' आहे.